ओले ओल्सनचं नॉर्वेतलं घर कसं शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी मिनेसोटात, जावई तिथलाच, आणि त्याचे पणजोबा नॉर्वेहून आलेले. घरच्यांना ठाऊक आहे ते इतकंच की नाव ओले ओल्सन, जन्म १८६१च्या आसपासचा, १८८२ साली अमेरिकेत आले आणि 'मूळचे बर्गनचे'. आपल्या बाजूची वंशावळ नातवासाठी तयार आहे, आता दुसरी बाजू हवी. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डिजिटलआर्किवेटवर नाव टाकलं तर निकालांची रांग संपत नाही. मग पुढे कसं जायचं?

रांग संपणारही नाही. १८८२ हे नॉर्वेतून बाहेर पडणाऱ्यांच्या लाटेचं शिखर होतं. त्या एका वर्षात २८ हजारांहून अधिक लोक देश सोडून गेले, आणि ओले हे तिथलं घरोघरचं नाव. नुसत्या नावाच्या आधारावर शोधलं तर कोणी ना कोणी सापडतोच, आणि तो बहुधा दुसऱ्याच कुणाचा तरी पणजोबा असतो. म्हणून नाव बाजूला ठेवा. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: पूर्ण जन्मतारीख आणि फार्मचं नाव. फार्म कळलं की पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, कळते, आणि पॅरिश कळली की चर्चची कोणती वही उघडायची ते कळतं. या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा अमेरिकेतच मिळतात, नॉर्वेत नाही. समुद्र ओलांडायची घाई करणाऱ्यांचा शोध बहुतेकदा इथेच अडकतो.

तेव्हा आधी मिनेसोटा पिंजून काढा. थडग्यावर जन्मतारीख कोरलेली आहे का बघा. काउंटीतला मृत्यूचा दाखला मागवा. सगळ्यात मोलाची जागा म्हणजे ते ज्या लुथरन चर्चला जात तिथल्या वह्या. नॉर्वेहून आलेल्या लोकांनी अमेरिकेत स्वतःच्या मंडळ्या उभ्या केल्या. तिथले पाद्रीही बरेचसे नॉर्वेतच शिकलेले, त्यामुळे वही ठेवायची शिस्त तिकडचीच. सभासदाच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदीत जन्मतारखेपुढे जन्माची पॅरिश लिहिलेली असते, कधी थेट फार्मही. मुलांच्या बाप्तिस्म्यांचे साक्षीदारही नीट वाचा. ही माणसं गावची गावं एकत्र येऊन वसत, म्हणून साक्षीदार बहुधा त्याच खोऱ्यातले असतात. ओलेचं मूळ लिहिलेलं नसलं तरी शेजाऱ्याचं असू शकतं.

अमेरिकेच्या १९००च्या जनगणनेत जन्माचा महिना, वर्ष आणि देशात आल्याचं साल विचारलेलं आहे. १९१०च्या आणि १९२०च्या जनगणनांतही आल्याचं साल आहे. तिन्ही ठिकाणी साल वेगवेगळं दिसलं तर गोंधळू नका. लोक आठवणीवर सांगत, एकदोन वर्षं इकडेतिकडे व्हायचीच. १८९०ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका, ती १९२१च्या आगीत गेली. मिनेसोटाच्या स्वतःच्या राज्य जनगणनाही आहेत. १८८५ आणि १८९५च्या जरूर बघा, आल्यानंतरची मधली वर्षं त्यांत सापडतात. नॉर्वेजियन भाषेतल्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख येत. आयोवातल्या डेकोराहून निघणारं 'डेकोरा-पोस्टेन' १८७४ ते १९७२ चाललं. त्यातला चार ओळींचा मृत्युलेखही कधीकधी जन्मगाव सांगून जातो. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळींसाठीच वाहिलेलं केंद्र आणि ग्रंथालय आहे. मंडळ्यांच्या वह्या कुठे आहेत हे त्यांना विचारण्यात संकोच करू नका.

आता 'मूळचे बर्गनचे' याबद्दल. हे वाक्य मी असंख्य घरांतून ऐकलेलं आहे, आणि त्यावर विसंबून शोध सुरू करू नका असंच दर वेळी सांगतो. बर्गन म्हणजे जहाज जिथून सुटलं ते बंदर असू शकतं. शिवाय शहराभोवतीच्या जिल्ह्यांची नावं तेव्हा दक्षिण आणि उत्तर बर्गनहूस अशी होती, म्हणजे शंभरेक मैल आत डोंगरात जन्मलेला माणूसही 'बर्गनचा' ठरतो. ही जुनी जिल्हानावं १९१९ साली बदलली. ब्रात्सबर्ग होतं त्याचं टेलेमार्क झालं, क्रिस्तियान्स होतं त्याचं ओपलांड. क्रिस्तियानियाचं ओस्लो झालं १९२५ साली. जुन्या कागदावरचं नाव आजच्या नकाशावर शोधून मिळालं नाही तर गाव नाहीसं झालं असं समजू नका.

नावांची रीत समजल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही, आणि मराठी माणसाला ती समजायला जड जाऊ नये. स्वतःचं नाव, मग बापाचं नाव, मग ठिकाण. आपल्याकडे गावाला 'कर' लागून आडनाव होतं तसंच वाटतं, पण इथे एक मोठा फरक आहे. आपला गोरेगावकर मुंबईत राहायला गेला तरी गोरेगावकरच राहतो. नॉर्वेतल्या ओले ओल्सन हौगेनने हौगेन सोडून ल्यी नावाच्या फार्मवर बस्तान बसवलं, की तो ओले ओल्सन ल्यी. फार्मचं नाव म्हणजे त्या वेळचा पत्ता. एकाच माणसाची लग्नाची नोंद एका फार्मच्या नावाने, पहिल्या मुलाची दुसऱ्या आणि चौथ्या मुलाची तिसऱ्या, हे रोजचं आहे. बापाचं नाव मात्र पक्कं: ओल्सन म्हणजे ओलेचा मुलगा, ओल्सदात्तर म्हणजे ओलेची मुलगी, आणि लग्नानंतरही ती ओल्सदात्तरच राहते. म्हणजे आईचं माहेरचं नाव शोधत बसावं लागत नाही, नोंदीत ते समोरच असतं. कायम आडनाव घेण्याची कायद्याने सक्ती झाली ती १९२३ साली.

अमेरिकेत गेल्यावर एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांनी राहिलेले दिसतात. एकाने बापाचं नाव घेतलं, दुसऱ्याने फार्मचं. आणि आधी बाप जाऊन मागून मुलं गेली असतील, तर 'ओल्सन' हे बापाने लावलेलं आजोबांचं नावही असू शकतं. मग तुमचा ओले मुळात ओलेचा मुलगाच नसेल. हा पर्याय मनात जागा ठेवा.

मुलांची नावं ठेवण्याचीही रीत होती. पहिला मुलगा साधारणपणे बापाच्या बापाचं नाव घेई, दुसरा आईच्या बापाचं, मुलींचंही तसंच. बायको वारली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर दुसरीची पहिली मुलगी मेलेल्या पहिलीच्या नावाची. मूल दगावलं तर पुढच्याला तेच नाव. आणि दोन्ही आजोबा ओलेच असतील तर एका घरात दोन जिवंत ओले भाऊ, थोरला आणि धाकटा. वंशावळीतल्या अनेक चुकांचं मूळ या दोन ओल्यांत आहे. तुमच्या जावयाच्या पणजोबांनी स्वतःच्या मुलांची नावं काय ठेवली ते क्रमाने लिहून काढा. पुरावा म्हणून ते पुरेसं नाही, पण उमेदवार चाळायला फार कामाला येतं.

जन्मतारीख हातात आली की मगच समुद्र ओलांडायचा. जाणाऱ्यांची नोंद नॉर्वेत दोन ठिकाणी व्हायची. एक, बंदरावरच्या पोलिसांच्या याद्या: त्रोंधाइमच्या १८६७पासून, क्रिस्तियानियाच्या आणि बर्गनच्या १८७०च्या दशकापासून. त्यांत नाव, वय, धंदा, शेवटचं राहण्याचं ठिकाण, कुठवरचं तिकीट आणि निघाल्याची तारीख मिळते. स्तावांगेरच्या जुन्या याद्या टिकल्या नाहीत, ही त्या भागातल्या वंशजांची खरी अडचण आहे. दुसरी जागा म्हणजे पॅरिशच्या वहीतलं 'गाव सोडून गेलेले' हे प्रकरण. पाद्र्याकडून दाखला घेऊन जाणाऱ्याची नोंद तिथे व्हायची, गंतव्याच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं 'अमेरिका'. प्रत्येकाने दाखला घेतला असं नाही, आणि दाखल्याची तारीख जहाजाच्या तारखेच्या कितीतरी आधीची असू शकते.

जहाजांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की १८८२चा प्रवासी बहुधा वाफेच्या बोटीने इंग्लंडातल्या हल बंदरात उतरायचा, तिथून आगगाडीने लिव्हरपूल, आणि मग अटलांटिक. म्हणजे नॉर्वेच्या यादीत एक जहाज आणि न्यूयॉर्कच्या यादीत दुसरंच. त्याआधीची पिढी शिडाच्या जहाजांनी थेट क्वेबेकला जायची. १८५०नंतर तो मार्ग चांगलाच रुळला होता. अगदी पहिलं संघटित स्थलांतर १८२५ सालचं, 'रेस्तौरासयोन' नावाच्या छोट्या गलबताचं. स्तावांगेरहून ५२ माणसं निघाली, वाटेत एक मूल जन्मलं आणि न्यूयॉर्कला ५३ उतरली. तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर लोक गेले. तुमच्या जावयाचे पणजोबा त्यांतले एक.

जनगणना हा तुमचा दुसरा आधार. सगळ्या माणसांची नावानिशी पहिली जनगणना १८०१ची. त्यानंतर १८५५पर्यंत दर दहा वर्षांनी झालेल्या बहुतेक आकडेवारीपुरत्या, नावं जवळजवळ नाहीतच. मग १८६५ आणि १८७५ या दोन्ही नावांसकट. १८८५ची फक्त शहरांची. १८९१ला प्रत्येक माणसामागे वेगळा कागद. त्यानंतर १९००, १९१० आणि १९२०. नावं शंभर वर्षं गुप्त ठेवतात, म्हणून १९२०ची जनगणना २०२०च्या डिसेंबरात उघडली. तुमच्या ओलेसाठी १८६५ आणि १८७५ या दोनच महत्त्वाच्या.

१८६५च्या पानाचं वाचन सावकाश करा. ही गणना ३१ डिसेंबरची आहे आणि वय 'चालू' दिलेलं आहे, म्हणजे पूर्ण झालेलं नाही तर लागलेलं वर्ष. १८६१ला जन्मलेलं मूल तिथे ५ वर्षांचं दिसेल, ४ नव्हे. १८६६मधून वजाबाकी केली की जन्मवर्ष मिळतं. नुसत्या १८६५मधून वजा केलं की एक वर्षाने चुकता, आणि चुकीच्या वर्षाची वही उघडून 'नोंद नाही' म्हणून परत येता. १८७५ला थेट जन्मवर्षच लिहिलंय, ते सोपं. दोन्हींत जन्माच्या पॅरिशचा रकाना आहे, तोच खरा ऐवज.

उजवीकडचे रकाने लोक सोडून देतात, तेवढं करू नका. घोडे किती, गाई किती, मेंढ्या, शेळ्या, डुकरं, आणि पेरणी किती: जव, ओट, बटाटे. दोन गाई, सहा मेंढ्या आणि थोडे बटाटे एवढ्यावर सात माणसांचं घर चालताना दिसलं, की मुलगा विशीत जहाजावर का चढला हे वेगळं सांगावं लागत नाही. १८६२च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेत १६० एकर जमीन मिळत होती.

त्याच पानावर कुटुंबप्रमुखाच्या धंद्याचा रकाना बघा. जमीनमालक शेतकरी, कूळ आणि 'हूसमान' यांत फरक आहे. हूसमान म्हणजे दुसऱ्याच्या फार्मवर झोपडं आणि तुकडाभर जमीन घेऊन त्याबदल्यात मालकाकडे राबणारा. तोही त्याच फार्मचं नाव लावी. म्हणून 'आमच्या पणजोबांचं नॉर्वेत मोठं फार्म होतं' असं अमेरिकेत सांगितलं जातं तेव्हा आधी हा रकाना वाचावा. देशाबाहेर गेलेल्यांत हूसमानांच्या मुलांची संख्या फार मोठी होती. त्यांनी मागे जमीन ठेवली नाही, म्हणून त्यांची नोंद तरी नीट शोधली जावी असं मला मनापासून वाटतं.

१८७५ला ओले १४ वर्षांचा. तो आईबापांजवळच असेल असं धरू नका, त्या वयाची मुलं दुसऱ्याच्या घरी कामाला असत. वर्षदोन वर्षांत त्याचं कन्फर्मेशन, म्हणजे धर्मज्ञानाची परीक्षा देऊन चर्चमध्ये श्रद्धा जाहीर करण्याचा विधी, झालेलं असणार. ते १७३६पासून सक्तीचं होतं, त्यामुळे ही यादी जवळजवळ संपूर्ण असते. त्यात जन्मतारीख, आईबाप, राहण्याचं ठिकाण, धर्मज्ञान कितपत याचा शेरा आणि देवीची लस टोचल्याची तारीखसुद्धा मिळते. माझा अनुभव असा की बाप्तिस्म्याची नोंद वाचता येत नसली तर कन्फर्मेशनची बघावी. एकाच पानावर त्या वर्षीची सगळी मुलं असतात आणि जन्मतारखा एका रकान्यात उभ्या उतरलेल्या.

आता बाप्तिस्म्याचं पान. छापील रकान्यांची वही १८१२ ते १८२०च्या दरम्यान रूढ झाली. डावीकडे अनुक्रमांक, मग जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, औरस की अनौरस, आईबापांची नावं, धंदा, ठिकाण आणि शेवटी साक्षीदार. मुलगे आणि मुली बहुतेकदा वेगळ्या पानांवर, म्हणून मुलींच्या पानांवर ओले शोधून कपाळाला हात लावू नका. साक्षीदार चारपाच असतात आणि बहुतेक काकू, मामा, आत्या, शेजारी. त्यांच्या फार्मची नावं टिपून ठेवा, आईचं माहेर त्यांतूनच उघडतं. १८७०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या वह्यांत आईबापांची जन्मवर्षंही मिळू लागतात.

आणि वह्या दोन असत. एक पाद्र्याची, दुसरी चर्चच्या सेवकाची, 'क्लोक्कर'ची. दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा नियम होता, आगीच्या भीतीने. आज त्याचा फायदा आपल्याला होतो. एकीचं पान शाईने खाल्लं असेल, अक्षर लागत नसेल, तर दुसरी उघडा. क्लोक्करचं अक्षर पुष्कळदा पाद्र्यापेक्षा सुवाच्य असतं.

समजा, तारीख जुळली, बापाचं नाव ओले, ठिकाणही पटण्यासारखं. इथे थांबू नका. आता उलटं काम करायचं: हाच तो मुलगा हे सिद्ध करण्याआधी, हा तो नाही हे सिद्ध होतंय का बघायचं. पुढच्या पाच वर्षांच्या दफनाच्या नोंदी चाळा, मूल लहानपणीच गेलं नाही ना. १८९१ आणि १९००च्या जनगणनांत तोच ओले त्याच पॅरिशमध्ये बायकामुलांसह नांदताना दिसत नाही ना. दिसला तर तुमचा उमेदवार बाद, कितीही आवडला असला तरी. १९१०च्या जनगणनेत अमेरिकेहून परत आलेल्यांना तिकडे कधी गेलात, कधी परतलात हेही विचारलेलं आहे, कारण परतणारे थोडे नव्हते. भाऊबहिणींचाही माग काढा. ओलेची बहीण आधीच मिनेसोटात गेलेली आणि तिच्या नोंदीत तीच पॅरिश असेल, तर धागा पक्का.

मोठ्या वंशावळ-साइट्सवर दुसऱ्यांनी चढवून ठेवलेली झाडं दिसतील. त्यांतून सुगावा घ्या, पण नोंद स्वतः बघितल्याशिवाय एकही नाव आपल्या झाडावर चढवू नका. एकाची चूक शंभर जणांनी उतरवली की ती शंभर पुराव्यांसारखी दिसते.

आईबाप पक्के झाले की लग्नाच्या नोंदीवर जा. तिथे दोघांचं वय, जन्मठिकाण आणि दोघांच्या बापांची नावं मिळतात, म्हणजे एका नोंदीत एक पिढी वर. असं करत १८०१पर्यंत पोचलात की त्यामागची वाट अवघड होते. अठराव्या शतकातल्या वह्यांत रकाने नाहीत, सगळ्या घटना एकामागोमाग लिहिलेल्या, आणि तारखेऐवजी चर्चचा सण. 'त्रिनितीनंतरचा चौथा रविवार' असं लिहिलं असेल तर त्या वर्षीचा ईस्टर शोधावा लागतो. उदाहरणार्थ, १७५०ला ईस्टर २९ मार्चला होता. त्रिनितीचा रविवार त्यानंतर आठ आठवड्यांनी, म्हणजे २४ मे, आणि चौथा रविवार २१ जून. ही तारीख बहुधा बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे.

अक्षराची भीती वाटेल. गॉथिक वळणात 'ई' आणि 'एन' सारखेच दिसतात, 'यू'च्या डोक्यावर छोटी वेलांटी असते, 'एम' किंवा 'एन'वर आडवी रेघ असली तर ते अक्षर दुहेरी. एकच नोंद तासभर न्याहाळून काही हाती लागत नाही. त्याच पाद्र्याच्या हातची पंधरावीस पानं वाचा, ओळखीची नावं आधी हेरा, आणि त्यांतल्या अक्षरांवरून बाकीचं लावा. त्याहून कामाचं: १८६५च्या जनगणनेतून त्या पॅरिशमधल्या सगळ्या फार्मच्या नावांची यादी काढून शेजारी ठेवा. वाचायचं नाव त्या यादीतलंच असणार. फार्मच्या नावांचा ओलुफ रिग यांनी सुरू केलेला बहुखंडी कोशही आहे, जुनी स्पेलिंगं आणि पॅरिशवार मांडणी त्यात सापडते. स्पेलिंगवर अडून बसू नका, 'के'च्या जागी 'सी-एच', 'के-व्ही'च्या जागी 'क्यू-व्ही' हे सर्रास चालायचं. शोधताना नावाचा अर्धाच भाग टाकून पुढे तारांकन द्या.

गाव नक्की झालं की तिथलं 'बिग्देबूक' शोधा. म्हणजे स्थानिक मंडळींनी फार्मवार लिहिलेला इतिहास, कोण कुणाचा मुलगा, कुणाचं लग्न कुठे झालं, आणि जागोजागी 'अमेरिकेला गेला' एवढीच नोंद. सगळ्या गावांचं नाही, पण ज्यांचं आहे त्यांचा पुष्कळ वेळ वाचतो. मालक घराण्यांबद्दल ते भरभरून लिहितात, हूसमानांबद्दल पुष्कळदा हात आखडता. त्यांच्यासाठी वारसा-वाटणीचे दस्त बघावेत, मागे थोडंफार राहिलं असेल तर अमेरिकेत असलेल्या मुलाचंही नाव वारसांत लिहिलेलं असतं.

प्रत्येक नोंदीसोबत पॅरिश, वहीचा प्रकार, वर्षं, पान आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. डिजिटलआर्किवेटवर प्रत्येक पानाला कायमचा दुवा असतो, तोही जोडा. हे सगळं तिथे फुकट आहे.

सध्या जावयाकडून तीनच गोष्टी मागवा: थडग्याचा फोटो, मंडळीच्या वहीतली ओलेच्या लग्नाची किंवा दफनाची नोंद, आणि त्यांच्या सगळ्या मुलांची नावं वयाच्या क्रमाने. त्या मिळाल्या की इथेच लिहा, १८६५ची पॅरिश निवडण्यापासून पुढे मी बरोबर बघतो.